अर्जाआधी माणूस

गावात एखाद्या बाईचा नवरा गेला की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी भला माणूस योजनेचा अर्ज घेऊन तिच्या दारात येतो. आधार कार्ड काढा, रेशन कार्ड काढा, दोन फोटो द्या, इथे सही करा. हेतू चांगला असतो, धावपळही मनापासून असते. तरी वर्षभरानं पाहावं तर अर्ज त्रुटी लागून तहसीलमध्ये पडलेला, बाई माहेरी निघून गेलेली आणि मुलीची शाळा सुटलेली. तिला कशाची भीती होती, घरात निर्णय कोण घेतं, तिच्या मनात काय होतं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

हा लेख अशा भल्या माणसांसाठी आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला नुकते दाखल झालेले विद्यार्थी, संस्थेत रुजू झालेले तरुण कार्यकर्ते, बचत गटाच्या ताई, निवृत्तीनंतर गावासाठी काही करू पाहणारे शिक्षक, या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. माणूस नीट समजला तरच अर्ज योग्य दारी पोचतो. आणि तोच माणूस पुढच्या वेळी तुमच्याशिवाय त्या कचेरीची पायरी चढू शकला, तरच तुमचं काम झालं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पस्तिशीतली एक बाई आहे. नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. तीन एकर कोरडवाहू शेत नवऱ्याच्या नावावर, त्यावर सोसायटीचं कर्ज. घरात सासू, दीर आणि जाऊ.

या कामाचे दोन हात

महाराष्ट्रात हे काम समाजकार्याच्या कॉलेजांच्या आधी सुरू झालं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, विठ्ठल रामजी शिंद्यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चं. या सगळ्यांनी समोरच्या माणसाला निवारा आणि शिक्षण दिलं, आणि ज्या रूढीनं त्याला घराबाहेर काढलं तिच्याविरुद्धही ते उभे राहिले. एक हात माणसाला, एक हात व्यवस्थेला.

पुढे या कामाचं प्रशिक्षण सुरू झालं. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं १९३६ मध्ये देशातलं पहिलं समाजकार्य विद्यालय उभं राहिलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. इथे आणि नंतरच्या महाविद्यालयांत सहा पद्धती शिकवल्या जातात: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती. परीक्षेत त्यांची सहा वेगळी उत्तरं लिहावी लागतात. गावात मात्र एकाच बाईच्या प्रश्नापाठी जाताना सहाही पद्धती लागतात.

पहिल्या भेटीत कागद पिशवीतच ठेवा

गावात ज्यांच्यावर विश्वास आहे अशा कुणासोबत जा. बहुतेक ठिकाणी आशाताई किंवा अंगणवाडीताई ही माणसं असतात. पण त्या त्याच भावकीतल्या नाहीत ना, हे आधी पाहा. भावकीतलं माणूस सोबत असेल तर बाई शेतावर आणि घरावर तोंड उघडणार नाही.

गेल्यावर आपण कोण, कुठून आलो, काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे सरळ सांगा. ‘ताई, मी पैसे मंजूर करून देऊ शकत नाही, पण कुठे काय मागता येतं ते सांगीन आणि तुमच्यासोबत येईन,’ एवढं पुरतं. खोटं आश्वासन ती वर्षभर लक्षात ठेवते आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकावरचा तिचा विश्वास उडतो.

सासू आणि दीर समोर बसले असतील तर पहिल्या भेटीत फार खोलात जाऊ नका. त्यांचंही ऐका. सासूचा मुलगा गेलाय, तिचं दुःखही खरं आहे. दुसरी भेट बचत गटाच्या बैठकीनंतर, शेतात किंवा मुलीच्या शाळेत ठरवा. तिथे विचारायचे प्रश्न साधे असतात. सध्या सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? याआधी अडचण आली तेव्हा कुणाकडे गेला होतात? पुढच्या सहा महिन्यांत काय व्हावं असं वाटतं? प्रश्न विचारून गप्प बसा. मध्येच रडू आलं तर विषय बदलू नका आणि ‘रडू नका’ असंही म्हणू नका.

फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्याच्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती आजही या क्षेत्राचा पाया आहेत. प्रत्येक माणसाला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणं, त्याला भावना मोकळ्या करू देणं, आपल्या भावनांना आवर घालून त्यात सहभागी होणं, आहे तसं स्वीकारणं, दोषारोप न करणं, निर्णय त्याचा त्याला घेऊ देणं आणि गुप्तता पाळणं. पाठ करायला ती सोपी आहेत. त्यांची परीक्षा होते ती समोरची बाई आपल्याला न पटणारं काही बोलते तेव्हा.

आपल्या उदाहरणातली बाई दुसऱ्या भेटीत कदाचित पगाराचं म्हणजे पेन्शनचं नावही काढणार नाही. ती म्हणेल, ‘दीर पोरीचं लग्न लावायचं म्हणतात, दिवाळीनंतर.’ पहिल्याच दिवशी अर्ज पुढे केला असता तर हे वाक्य तुम्हाला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

माणूस त्याच्या गोतावळ्यासकट पाहा

मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिलं. माणसाची अडचण समजून घ्यायची तर त्याच्या घराचे, शेजाराचे, कामाचे आणि संस्थांचे पुरावे गोळा करावे लागतात, ही या पुस्तकाची शिकवण. आज पारिस्थितिकीय दृष्टिकोन या नावानं जे शिकवलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

त्यासाठी एक कागद आणि पेन्सिल पुरते. मध्ये एक वर्तुळ काढा, त्यात बाई आणि दोन मुलं. भोवती लहान वर्तुळं: सासू, दीर-जाऊ, माहेरचा भाऊ, बचत गट, शाळा, सोसायटी, रेशन दुकान, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र. नातं भक्कम असेल तिथे जाड रेघ, नावापुरतं असेल तिथे तुटक रेघ, ताण असेल तिथे नागमोडी रेघ. हे चित्र तिच्यासोबत बसून काढा. कोणती रेघ जाड आणि कोणती तुटक, हे तिनंच ठरवायचं. चित्र पुरं होता होता तिला स्वतःलाही दिसतं की भाऊ महिन्यातून दोनदा फोन करतो, गटाच्या वह्या ती स्वतः लिहिते, मुलीच्या वर्गशिक्षिका घरी येऊन गेल्या होत्या. अडचणींची यादी सगळेच करतात. या जाड रेघांची यादी तुम्ही केलीत तर पुढचा मार्ग त्यातूनच निघतो.

मग कामांचा क्रम लावा. धोका पहिला, मुदत दुसरी, उपजीविका तिसरी. इथे धोका मुलीच्या लग्नाचा आहे, मुदत वारस नोंदीची आहे आणि उपजीविका दरमहाच्या मदतीची. योजनेचा अर्ज म्हणजे या यादीतलं तिसरं काम.

कोणतं दार कुणाचं

भारतीय राज्यघटनेचं ४१ वं कलम वार्धक्य, आजारपण, अपंगत्व आणि बेकारीत राज्यानं साहाय्य करावं असं सांगतं. योजना त्यातून आल्या आहेत. म्हणून त्या मागताना कुणापुढे हात जोडायची गरज नाही, हे आधी आपल्या मनात पक्कं असायला हवं. आपल्या बाईसाठी दारं अशी:

• मुलीचं लग्न: बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीताई त्यांना साहाय्य करतात. १०९८ या क्रमांकावर कुणीही, नाव न सांगता, कळवू शकतं. पण आधी दिराशी बोला. बरेचदा मुलीच्या शाळेचा आणि खर्चाचा मार्ग दिसला की लग्नाची घाई निवते. बोलणं चालू असताना तारीख जवळ येत असेल तर मात्र थांबायचं नाही.

• मृत्यूचा दाखला: मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते. झाली नसेल तर पहिलं काम हेच. पुढचा प्रत्येक कागद या दाखल्यावर उभा आहे.

• शेत: नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीला हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगी, मुलगा आणि सासू हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा वाटा सारखा. हे वारस असताना दिराचं नाव त्यात येत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. फेरफार नोंद घातल्यावर हरकतीची मुदत असते, ती संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन वडिलोपार्जित आणि न वाटलेली असेल, किंवा अजून सासऱ्याच्या नावावर असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००.

• बँकेचं पासबुक: नवऱ्याच्या खात्यातून ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का ते बारकाईनं पाहा. पहिली रक्कम जीवन ज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. दोन्हींत विमा दोन लाखांचा आहे, मात्र दुसरा फक्त अपघातासाठी. आपल्या माणसाचा विमा होता हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. मृत्यू अपघाती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी लगेच तालुका कृषी कार्यालय गाठा.

• दरमहाची मदत: संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. १८ ते ६५ वयाच्या विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी आणि इतर निराधारांसाठी ती आहे. विधवेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. २०२३ मध्ये मदत दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. अर्ज तहसीलला. सासू ६५ च्या पुढे असेल तर तिच्यासाठी श्रावणबाळ योजना पाहा. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात.

• मुलांचं शिक्षण: एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. दिरापुढे ठेवायचा मार्ग तो हाच.

नवरा आत्महत्येनं गेला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते प्रकरण शेतकरी आत्महत्येसाठीच्या मदतीस पात्र की अपात्र ते ठरवते. अपात्र ठरलं म्हणजे सगळं संपलं, असं गावात समजतात. पण निराधार योजना, बालसंगोपन आणि वारस नोंद या कशालाही त्या निकालानं बाधा येत नाही. बाईला हे त्याच दिवशी सांगा.

घरातून काढण्याची भाषा सुरू झाली तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल नोंदवता येतो. नवरा गेल्यानंतरही सासरच्या घरात राहण्याचा हक्क विधवेला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पोलीस ठाण्यात एकटं जायला बाई घाबरते. टाटा संस्था आणि पोलिसांनी १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष अशा वेळी उपयोगी पडतो. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात.

निर्णय तिचा

एवढी दारं माहीत झाली की कार्यकर्त्याला उत्साह येतो आणि तो बाईच्या वतीनं ठरवू लागतो. इथे सावध राहा. तक्रार केली तर घरात काय होईल, माहेरी गेली तर मुलांची शाळा आणि शेताचा ताबा यांचं काय होईल, इथेच राहिली तर चूल वेगळी मांडता येईल का, हे सगळे पर्याय फायद्यातोट्यांसह तिच्यापुढे मांडा. तिला वेळ द्या. मग ती जे ठरवेल त्याला साथ द्या, तुम्हाला दुसरा मार्ग बरा वाटत असला तरी. त्या घरात रात्र तिला काढायची आहे.

याला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगून ठेवायच्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेचं वचन तिथे थांबतं. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर स्पष्ट शब्दांत विचारा, एकटं सोडू नका, आरोग्य केंद्रात सोबत जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

एरवी मात्र गुप्तता काटेकोर पाळा. बाईचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. धनादेश देतानाचा फोटो संस्थेच्या अहवालाला हवा असेल तर तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हटलं तरी मदत थांबणार नाही हे आधी सांगा.

पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका

प्रत्येक अर्जाची एक प्रत, त्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. हे नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, आणि कार्यालयात तसा फलक असतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी आयोग. अर्जाचं नेमकं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस.

कारकुनाशी भांडण काढू नका. त्याच्या टेबलावर शेकडो फायली असतात. कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा, आणि तोच कागद पुढच्या खेपेला घेऊन जा. पहिल्या खेपेला तुम्ही बोला, बाई शेजारी बसेल. दुसऱ्या खेपेला ती बोलेल, तुम्ही शेजारी बसा. तिसऱ्या खेपेला तिच्यासोबत गटातली दुसरी बाई जाईल. हा क्रम चुकवू नका. सगळं काम याच्यासाठी आहे.

नोंद लिहिण्याची शिस्त

प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी करा. तारीख, कोण हजर होतं, बाई काय म्हणाली ते शक्यतो तिच्याच शब्दांत, तुम्ही काय पाहिलं, पुढे काय ठरलं आणि ते कुणी करायचं. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहा. ‘घरात धान्य नव्हतं’ हे निरीक्षण आहे. ‘दीर दुष्ट आहे’ हा तुमचा निष्कर्ष आहे, आणि उद्या ही फाइल दुसऱ्या कार्यकर्त्याच्या किंवा न्यायालयाच्या हाती पडली तर बाईचं नुकसान करू शकतो. लिहिताना कसोटी ही ठेवा की ही नोंद बाईनं वाचली तर तिला आपला मान राखला असं वाटेल का. वही कुलपात ठेवा.

एकीचा प्रश्न अनेकींचा झाला की

अशा पाच-सात नोंदी जमल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. तीन जणींची वारस नोंद एकाच कारणानं अडली आहे, चौघींना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन-दोन मजुऱ्या बुडवाव्या लागल्या, असं दिसू लागतं. इथून गटकार्य सुरू होतं. या बायकांना एकत्र बसवा. आपल्यासारखीच दुसरी आहे, हे कळण्यानं जी ताकद येते ती कोणत्याही समुपदेशनानं येत नाही. मग ग्रामसभेत विषय मांडा, तहसीलदारांना निवेदन द्या, गावातच एका दिवसात सगळे दाखले मिळतील असं शिबिर मागा. निवेदनावर सह्या त्यांच्या आणि बोलायलाही त्याच.

एकेका माणसाच्या अनुभवातून धोरण घडतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायच्या कामावर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, दुष्काळातली कामं आणि मजुरांच्या संघटनांचा रेटा यांतून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी असा कायदा होताना महाराष्ट्राचा अनुभव पाठीशी होता.

थांबायचं कधी, आणि स्वतःला जपायचं कसं

काम थांबवण्याचा दिवस सुरुवातीलाच दोघांनी मिळून ठरवा. मुलगी शाळेत जाते आहे, सातबाऱ्यावर नावं लागली, खात्यात तीन महिने पैसे आले, असं काही मोजता येणारं ठेवा. तो दिवस जवळ आला की भेटी कमी करा, पुढे काही झालं तर कुणाकडे जायचं त्याची यादी तिच्या हाती द्या. सहा महिन्यांनी एक पाठपुराव्याची भेट पुरे. तुमच्यावाचून तिचं अडत नाही, याचं वाईट वाटत असेल तर ती भावना ओळखा आणि वरिष्ठांशी बोला.

वरिष्ठांशी नियमित बोलणं ही या कामाची गरज आहे. महिन्यातून दोनदा तरी अनुभवी कार्यकर्त्यापुढे आपल्या नोंदी ठेवा, काय झेपत नाही ते सांगा. संस्था नसेल तर तालुक्यातल्या तिघाचौघांनी मिळून असा गट करा, नावं न घेता एकमेकांच्या केसवर बोला. दुसऱ्यांचं दुःख रोज ऐकणाऱ्याची झोप उडते, चिडचिड वाढते, माणसं नकोशी होतात. हे कुणालाही होतं. वेळीच बोललं तर आवरतं.

सुरुवात लहान करा. एका वेळी दोन-तीनच घरं घ्या, पण शेवटपर्यंत न्या. त्या काळात आपल्या तालुक्याची दारं स्वतः फिरून पाहा: तहसीलच्या निराधार योजना शाखेत कोण बसतं, बालकल्याण समिती कोणत्या वारी भरते, संरक्षण अधिकारी कुठे भेटतात, विधी सेवा समितीचा फोन कोण उचलतं. ही माहिती एका वहीत लिहा आणि तिची प्रत गावातल्या बचत गटाला द्या. पुढच्या वर्षी गावात कुणावर अशी वेळ आली तर पहिलं दार ठोठावणारी बाई कदाचित त्या गटातलीच असेल, आणि कुठे जायचं ते तिला माहीत असेल.